चुकांची वही

संगणकाच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी मजकुराच्या आठ-दहा ओळी एकदम उमटल्या, की आमच्या निवासी विद्यालयातील नवा विद्यार्थी सर्वप्रथम एकच गोष्ट करतो. तो ती खिडकी बंद करतो आणि शेजाऱ्याने पाहिले की काय, याचा अंदाज घेतो. त्या ओळींत काय लिहिले आहे, हे वाचण्याच्या भानगडीत तो पडत नाही. संगणकाचा तास आमच्याकडे आल्यापासून हे दृश्य आम्ही दरवर्षी जून-जुलैत पाहत आलो आहोत. या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी माध्यमिक शाळेची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. आई-वडील पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, कोणी राईस मिलमध्ये पोती वाहतात. अशा घरातून आलेल्या मुलाला चूक दिसली की ती कामातली आहे असे वाटत नाही, आपल्यातली आहे असे वाटते. चूक माणसाच्या अंगाला चिकटवून टाकण्याची रीत या देशात फार जुनी आहे. तिचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु पायथन ही संगणकीय भाषा शिकवताना आम्हाला प्रथम सोडवावी लागली ती अडचण हीच होती, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच केला.

आमचा विषय इतिहास. संगणकाशी आमचे नाते एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रापुरते होते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली उच्च प्राथमिक स्तरापासून कोडिंगची ओळख करून देण्याची कल्पना मांडली आणि प्रयोगशाळेतील यंत्रे टंकलेखनापलीकडे वापरावीत असे संस्थेला वाटू लागले. स्वतंत्र शिक्षक नव्हता, म्हणून तो तास आमच्या वाट्यास आला. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ आणि मुलांचे प्रश्न, या दोन आधारांवर आम्ही शिकत गेलो. पायथन हे नाव ऐकून नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या गावांतील मुलांना अजगर आठवला. पण गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रथम प्रसृत केलेल्या या भाषेचे नाव अजगरावरून पडलेले नाही, ते एका ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिकेवरून आले आहे, हे कळल्यावर वर्गातली भीती थोडी ओसरली.

पुढे आमच्या ध्यानात आले की इतिहासाचा अभ्यास येथे वाया जात नाही. तांबड्या अक्षरांतील तो मजकूर, ज्याला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात, हे एक अस्सल साधन आहे. घटना जेथे घडली तेथेच आणि घडली त्याच क्षणी ते लिहिले गेलेले असते. इतिहासाचा विद्यार्थी शिलालेख हाती आला तर तो झाकून ठेवत नाही, तो वाचतो. फक्त हे साधन खालून वर वाचावयाचे असते. अगदी शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि तिचे थोडक्यात वर्णन असते. तिच्या वर, चूक ज्या ओळीत उघडकीस आली त्या ओळीचा क्रमांक. आणि आणखी वर, तेथवर प्रोग्राम कोणत्या वाटेने आला, त्याचा माग. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. चूक जेथे उघडकीस आली तेथेच ती घडली असेल, असे नाही. चौदाव्या ओळीत कंस बंद करावयाचा राहिला तर पायथनच्या जुन्या आवृत्त्या पंधराव्या ओळीकडे बोट दाखवतात. साधन खरे असते, तरी त्याची चिकित्सा करावीच लागते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासकाराच्या कर्तव्याचा विचार करताना निश्चित आणि अनिश्चित यांची निवड करण्यावर भर दिला आहे. चूक शोधणाऱ्याला याहून वेगळे काही करावयाचे नसते.

संगणकातील चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. त्याची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही ही कथा ठेवतो आणि तिची चिकित्सा त्यांनाच करावयास लावतो. पतंग खरा आहे, वहीचे पानही खरे आहे. ते आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. परंतु त्या पानावरील नोंदीचा आशय असा आहे की ‘बग’ प्रत्यक्षात सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. म्हणजे तो शब्द त्याआधीच प्रचारात होता, म्हणून तर नोंद करणाऱ्याला गंमत वाटली. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातील दोषांसाठी हाच शब्द वापरलेला आढळतो. ज्या मुलांनी ही विसंगती स्वतः हुडकून काढली, त्यांना तांबडी अक्षरे वाचण्याचे भय पुढे फारसे उरले नाही.

आता नेहमी भेटणाऱ्या चुकांकडे वळू. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते. हे समजावताना आम्ही धानाच्या बांधीचे उदाहरण देतो. एका बांधीत जेवढी रोपे, त्या सर्वांना एकच पाणी मिळते. धुऱ्याबाहेरच्या रोपाला ते पाणी मिळत नाही. तसेच ‘इफ’ किंवा ‘फॉर’ या शब्दांखाली ज्या ओळी सारख्या अंतरावर आत सरकवलेल्या असतात, त्या एका बांधीतील होत. एखादी ओळ एका जागेने पुढेमागे झाली तर ‘इंडेंटेशन एरर’ येते. एका ओळीला टॅबची कळ आणि दुसरीला स्पेसबार वापरला, तर डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, पण पायथन अडते. उपाय साधा आहे: सर्वत्र चार स्पेस द्याव्यात आणि टॅबची मिसळ करू नये. ‘नेम एरर’ आली तर ज्या नावाने पेटी तयार केली आणि ज्या नावाने ती मागितली, ती दोन नावे अक्षर-अक्षर ताडून पाहावीत. लहान आणि मोठे इंग्रजी अक्षर पायथनच्या लेखी वेगळे असते. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या ओळीत अवतरणचिन्हे वाकडी येतात, ती सरळ करून घ्यावीत. आणि यादृच्छिक संख्यांच्या ‘रँडम’ या मोड्यूलचा सराव करताना आपल्याच फाइलला ‘रँडम’ हे नाव देऊ नये. तसे केले तर पायथन मूळ मोड्यूलऐवजी आपलीच फाइल उघडते आणि तिच्यात हवे ते सापडले नाही म्हणून तक्रार करते. ही चूक दरवर्षी किमान एकदा घडते आणि दरवर्षी तिच्यावर हशा पिकतो.

याहून खोल आहे तो प्रकारांचा घोटाळा. ‘इनपुट’ने वापरकर्त्याकडून घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथन मजकूर म्हणून ठेवते, मग ती संख्या का असेना. त्यामुळे १२ आणि १३ यांची बेरीज २५ न येता १२१३ येते. मजकुराला ‘इंट’च्या साहाय्याने संख्येत आणावे लागते. येथे मराठी मुलांना एक आनंदाची गोष्ट सांगता येते. वापरकर्त्याने देवनागरीत ‘४५’ असे टंकले, तरी ‘इंट’ त्याचे पंचेचाळीस बरोबर करते. प्रोग्रामच्या मजकुरात मात्र संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. तेथे देवनागरी अंक लिहिला तर ‘सिंटॅक्स एरर’ येते. पेट्यांची नावे २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून मराठीत देता येतात. ‘तांदूळ’ नावाची पेटी पायथनला पूर्ण मान्य आहे, हे प्रथम पाहिले तेव्हा आमच्या वर्गातील मुले काही क्षण पडद्याकडे नुसतीच पाहत राहिली.

आतापर्यंतच्या बहुतेक चुका बोलक्या होत्या. चूक झाली, पायथनने सांगितले, आपण दुरुस्त केले. परंतु दुसरा एक वर्ग असा आहे की जेथे तांबडे अक्षर एकही उमटत नाही. गुणपत्रकातील गुण मजकूर म्हणूनच राहिले आणि त्यांचा उतरता क्रम लावला, तर पायथन शब्दकोशाप्रमाणे पहिले चिन्ह पाहते. मग १०० गुण मिळवणारी मुलगी ३५ गुणांच्या खाली जाऊन बसते, आणि ९ गुण सर्वांच्या वर. प्रोग्राम निमूटपणे पूर्ण होतो. यादी सुबक छापून निघते. तिच्याकडे डोळस माणसाने पाहिले नाही, तर ती फलकावरही लागते.

याच जातीचा एक प्रसंग आमच्या प्रयोगशाळेत घडला. शालेय पोषण आहाराच्या शासकीय योजनेत पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. पटसंख्येवरून महिन्याचा तांदूळ काढणारा प्रोग्राम लिहा, असा स्वाध्याय आम्ही दिला होता. आठवीच्या एका विद्यार्थिनीने तो नेटका लिहिला. इयत्ता सहापेक्षा मोठी असेल तर १५०, नाही तर १००, अशी तिची अट होती. उत्तर आले, चूक कोठेही दाखवली गेली नाही. शेजारी सहावीतला एक मुलगा नुसता पाहत बसला होता. तो हळूच म्हणाला, “ताई, आम्ही सहावीत आहोत, मग आमचे शंभरच कसे?” त्या मुलीने अट पुन्हा वाचली. ‘सहापेक्षा मोठी’ या शब्दांत सहावी बसत नव्हती. ‘सहा किंवा त्याहून मोठी’ असे हवे होते. एका चिन्हाचा फरक. पण वर्गात ४० मुले धरली तर दिवसाला २ किलो तांदूळ कागदावरून नाहीसा झाला होता, आणि यंत्राच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित होते.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक नियम झाला. कोणताही प्रोग्राम तपासताना मधली संख्या घालून पाहण्याआधी काठावरची घालून पाहावी: पाच, सहा, शून्य, शेवटचा. तिसरीच्या मुलाचे आणि आठवीच्या मुलाचे प्रमाण त्या प्रोग्रामने बरोबरच काढले होते. जो काठावर उभा होता त्याचे तेवढे चुकले. नियम करणाऱ्याला काठ दिसत नाही, काठावर उभा असलेल्याला तो दिसतो. म्हणून तपासणीच्या वेळी तो माणूस जवळ असावा, आणि त्याला बोलण्याची मुभा असावी.

चूक गिळून टाकण्याची सोयही पायथनमध्ये आहे. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ या शब्दांनी संभाव्य अडचण झेलता येते आणि ती योग्य ठिकाणी उपयुक्तच असते. परंतु काही मुले, आणि काही मोठी माणसेही, तांबडी अक्षरे दिसू नयेत एवढ्यासाठी प्रत्येक चूक झेलून ‘पास’ म्हणून पुढे जातात. गुणांच्या रकान्यात कोठे ‘गैरहजर’ असे लिहिलेले असते. त्याची संख्या होत नाही, ‘व्हॅल्यू एरर’ येते. ती गिळली जाते. आणि तो विद्यार्थी यादीतून निघून जातो. ना नापास, ना गैरहजर. त्याची कोठे नोंदच राहत नाही. आम्ही मुलांना सांगतो की झेलायची ती ठरावीक चूक नाव घेऊन झेलावी, आणि ज्याची नोंद होऊ शकली नाही त्याचे नाव वेगळ्या यादीत छापावे. इतिहास शिकवणाऱ्याला, कागदोपत्री नसलेली माणसे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

मराठी मजकुराच्या अडचणी तर आणखी निराळ्या आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांची वाच्यता क्वचितच होते. आमच्या प्रयोगशाळेतील विंडोजच्या यंत्रांवर, कोणते संकेतन वापरावे हे न सांगता फाइल उघडली, तर पायथन ती पश्चिम युरोपीय लिपीच्या जुन्या कोष्टकाने वाचू लागते. गंमत अशी की मजकुरात हलन्ताचे चिन्ह आले की त्याच्या तीन बाइटांपैकी शेवटच्या बाइटाला त्या कोष्टकात जागाच नाही, म्हणून ‘युनिकोड डिकोड एरर’ येऊन काम थांबते. सर्व शब्द साधे असतील तर बहुधा काम थांबत नाही, पण अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. फाइल उघडतानाच संकेतन ‘यूटीएफ-८’ आहे असे स्पष्ट लिहिले की दोन्ही तक्रारी मिटतात. जुन्या टंकांत, म्हणजे कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या फाइलींना हा उपाय लागू पडत नाही. तेथे आत इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

‘गोंदिया’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर ते ७ सांगते. मुले बोटांवर तीन अक्षरे मोजतात आणि यंत्र चुकले म्हणतात. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहेत. पायथन ते क्रमांक मोजते. शब्दांचा क्रम लावतानाही तेच. युनिकोडचे देवनागरी कोष्टक आयएससीआयआय या भारतीय प्रमाणकावर बेतलेले असून त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे पायथनच्या यादीत ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ नंतर. आपल्या क्रमाने हजेरीपट हवा असेल, तर ‘ळ’ला ‘ह’च्या पुढे नेणारे लहानसे फंक्शन स्वतः लिहून क्रम लावताना ते कसोटी म्हणून द्यावे लागते.

या साऱ्यात जी चूक आमच्या मनाला सर्वाधिक लागली, ती डोळ्यांना न दिसणारी होती. एका वर्षी दोन याद्यांतील नावे प्रोग्रामने जुळवून पाहत असता एका मुलीचे नाव जुळेना. एक यादी आमची, दुसरी बाहेरून आलेली. विषय तिच्या शिष्यवृत्तीचा. दोन्ही नावे पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवली. काना-मात्रेचाही फरक नाही. तिच्या आडनावात ‘वऱ्हाड’ या शब्दातल्यासारखे ‘ऱ्ह’ होते. शेवटी कोणीतरी दोन्ही नावांची लांबी छापून पाहिली, तेव्हा एक दुसऱ्यापेक्षा एकाने मोठे निघाले. अर्धा ‘र’ दोन रीतींनी टंकता येतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही एकच. यंत्राला ती दोन वेगळी माणसे. नावाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा ‘स्ट्रिप’ने निघून जाते, हे जोडचिन्ह तसे निघत नाही. जुळणीपूर्वी दोन्ही याद्यांत एका रीतीचे रूप दुसऱ्या रीतीत बदलून घ्यावे लागले. ते केल्यावर नाव जुळले. ती मुलगी शेजारीच उभी होती. आपले नाव चुकले नव्हते, हे तिने आम्हाला दोनदा विचारून खात्री करून घेतले.

अशा अनुभवांतून जी पद्धत हाती आली, ती थोडक्यात अशी. प्रथम संदेश पूर्ण वाचावा. मग चूक पुन्हा घडवून पाहावी. जी चूक हुकमी घडवता येत नाही ती दुरुस्त झाली असे म्हणता येत नाही. प्रोग्राम कापून-कापून एवढा लहान करावा की चूक तेवढ्यात उरेल. संशयाच्या जागी पेटीतील किंमत आणि तिचा प्रकार छापून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. आणि एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर खालच्या इयत्तेतील एखाद्याला जवळ बसवून आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगावा. बहुधा सांगता-सांगताच सांगणारा थांबतो.

प्रयोगशाळेच्या दाराजवळ टेबलावर एक जाड वही ठेवलेली आहे. तिच्यात चार रकाने आहेत: दिनांक, संदेश, कारण, उपाय. मुलांनी तिला ‘चुकांची वही’ हे नाव दिले. चूक करणाऱ्याचे नाव तिच्यात लिहावयाचे नाही. कारण शोधणाऱ्याचे लिहावयाचे. सहावीतल्या त्या मुलाचे नाव तिच्यात आहे, आणि दोन नावांची लांबी छापून पाहणाऱ्याचेही. नव्या मुलाने तांबडी खिडकी बंद केली, की मोठी मुले आता त्याला आमच्याकडे पाठवत नाहीत. ती त्याच्याकडून खिडकी पुन्हा उघडवून घेतात आणि वही पुढे सरकवतात.

ही स्मरणिका आमच्या माजी विद्यार्थ्यांच्याही हाती पडेल. त्यांच्यापैकी जे आज संगणकावर काम करीत आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे की विद्यालयात येणे होईल तेव्हा या वहीत एक नोंद करून जावी. चौथा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. तो भरावयास येथे पुष्कळ हात आहेत.